सावळघाटातला हंस

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर विषय दिला, "बाई असून ट्रेलर ओढणारी गाडी चालवताना समाजाशी कसा झगडा करावा लागला, त्यावर लिहा." मी खूप आठवून पाहिलं. समाजाने मला फारसं अडवलं नाही. समाज बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला उभा राहून "बाई, डावीकडे घ्या, डावीकडे" असं ओरडायचा आणि मी उजवीकडे घ्यायचे, एवढंच. माझा खरा झगडा झाला तो माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाशी, तोही गिअरच्या दांड्यावरच्या एका बटणावरून. तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

पंचवटीत आमचं लग्नाच्या डेकोरेशनचं दुकान होतं. मंडप, खुर्च्या, पडदे सगळ्यांकडे असतात. आमचं वैशिष्ट्य म्हणजे 'एन्ट्री'ची वाहनं. हल्ली नवरा-नवरी मंडपात चालत येत नाहीत, 'एन्ट्री' घेतात. त्यासाठी आमच्याकडे उघडणारा शिंपला होता, चंद्रकोर होती आणि सगळ्यात मागणीचा होता तो हंस. पांढराशुभ्र फायबरचा, आत लाल मखमलीचा बाक, पोटात बॅटरीवर चालणारी मोटर आणि शेपटाखाली धूर सोडायचं मशीन. धूर शेपटाखालून का, असं अनेकांनी विचारलं. दुसरीकडे जागा नव्हती.

हे सगळं ट्रेलरवर चढवून गावोगाव न्यायचं काम माझं. आमच्या ह्यांना, म्हणजे भास्कररावांना, गाडी येत नव्हती असं नाही. पण ओळखीचा माणूस दिसला की ते गाडी थांबवून बोलत, आणि पंचवटीत त्यांच्या ओळखीचा नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर शिंपला पोचला तेव्हा पंगत उठली होती. त्यानंतर स्टिअरिंग माझ्याकडे आलं.

माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसत नसे, म्हणून आम्ही एक जुनी दणकट ऑटोमॅटिक जीप घेतली. तिच्या गिअरच्या दांड्याला अंगठ्याजवळ एक बारकं बटण होतं. ओव्हरड्राइव्हचं बटण. ते काय असतं हे मला आमच्या मेकॅनिकने, रऊफभाईंनी, असं समजावलं होतं: "भाभी, तुम्ही गोदाकाठी रिकाम्या हाताने फिरायला निघालात तर लांब ढांगा टाकता ना? तो ओव्हरड्राइव्ह. आता डोक्यावर भरलेला हंडा आहे आणि पायऱ्या चढायच्या आहेत. टाकाल ढांगा?"

"पडेन की."

"मग छोटी पावलं टाकायची. बटण दाबायचं, ढांगा बंद."

त्यापेक्षा जास्त शास्त्र मला कधी लागलं नाही. सपाट रस्त्यावर मोकळी गाडी असली की ओव्हरड्राइव्ह चालू. इंजिन आरामात चालतं, पेट्रोल वाचतं. मागे ट्रेलर आणि पुढे चढ असला की तो बंद. नाही केला, तर गाडी टॉपमध्ये जाते, तिला ओढवत नाही, म्हणून खालच्या गिअरवर येते, जरा जोर आला की पुन्हा टॉपमध्ये जाते, पुन्हा येते. सासर-माहेर करणाऱ्या सुनेसारखं. त्यात गिअरबॉक्समधलं तेल तापतं, आणि तेल जळलं की गिअरबॉक्स जातो. उतारावरही तो बंदच ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

गोम एवढीच, की ओव्हरड्राइव्ह बंद केला की समोर एक पिवळा दिवा लागायचा. आणि लागलेला दिवा आमच्या ह्यांना बघवत नाही. घरात मी भाजी फोडणीला टाकत असले तरी हे मागून येऊन स्वयंपाकघरातला दिवा घालवतात. देवळात समईकडे बघताना यांचे ओठ फुंकर घातल्यासारखे होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तर एकदा वनिता नावाची मुलगी दुकानात आली. पेठकडच्या एका पाड्यावरची, नाशिकला दवाखान्यात नर्स. लग्न पाड्यावरच, तिच्या वडिलांच्या भाताच्या खाचरात मंडप. तिने सगळी वाहनं पाहिली आणि हंसापाशी थांबली.

"काकू, हा आमच्याकडं येईल का? घाट हाय मधी."

"येईल की. दोघं बसणार ना?"

"नाय, मी एकटीच. त्यांना सांगायचंच नाय. सरप्राइज हाय." मग जरा लाजून म्हणाली, "रोहिदास नाव त्यांचं. दिंडोरीकडचे. पिकअप चालवतात, टोमॅटो घेऊन सुरतेला जातात. माणूस लय चांगला हाय, पण त्यांचं तोंड कशानंच हलत नाय बघा. साखरपुड्याला मी एवढी नटले, तर म्हणाले, 'बरं हाय.' माझी नोकरी पर्मनंट झाली, तर म्हणाले, 'बरं झालं.' आयुष्यात एकदा तरी मला त्यांना चकित झालेलं बघायचंय. मंग पुढं काय, 'बरं हाय'वर काढीन मी दिवस."

तिने माझा हात धरून शपथ घातली, "त्यांना कळू देऊ नका."

मी शब्द दिला.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. हंसाचं तोंड नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला. पुढे केलं की चोचीत वारा शिरून शिट्टी वाजायची. त्यामुळे आमच्यामागून येणाऱ्याला एक भला मोठा हंस आपल्याकडेच बघत उलटा चालला आहे असं दिसे. हंसाच्या छातीवर थर्माकोलच्या लाल अक्षरात दोघांची नावं होती. ती कुणाला दिसू नयेत म्हणून त्यावर चादर बांधली होती. ह्यांनी कामाचा पोशाख चढवला होता, म्हणजे पांढरा कुडता आणि जरीचा जांभळा फेटा. पाहुण्यांच्या स्वागताला मालक उठून दिसला पाहिजे, असं यांचं मत.

सावळघाट सुरू झाला आणि मी बटण दाबलं. दिवा लागला. गाडी शहाण्यासारखी चढायला लागली. पहिलं वळण गेलं आणि एकदम गाडीने गचका दिला. बघते तर दिवा नाही.

"अहो, काय केलंत?"

"दिवा लागला होता. घालवला."

"तो लागलेलाच हवा."

"असं कसं? त्याच्यावर 'ऑफ' लिहिलंय. ऑफ लिहिलेला दिवा ऑन आहे, म्हणजे बिघाडच की."

"ओव्हरड्राइव्ह ऑफ आहे, म्हणून दिवा ऑन आहे."

ह्यांनी थोडा विचार केला. "ओव्हर म्हणजे जास्त. ड्राइव्ह म्हणजे चालवणं. चढावर जास्त नाही चालवायचं, तर कुठे चालवायचं?"

मी बटण दाबलं. पुढच्या वळणाला माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर गुंतलेले बघून यांनी हळूच दाबलं. मी दाबलं. यांनी खिडकीबाहेर डोंगर बघतोय असं दाखवत डाव्या हाताने फेटा सावरला आणि उजव्याने दाबलं. गाडी ढांगा टाकतेय, अडखळतेय, पावलं टाकतेय, पुन्हा ढांगा टाकतेय. प्रत्येक गचक्याला मागे हंस मान हलवत होता. आमच्यामागे एक एसटी होती. तिच्यातल्या बायकांना वाटलं हंस आशीर्वाद देतोय. आरशात मला त्या हात जोडताना दिसल्या.

निम्म्याहून अधिक घाट चढलो आणि जळका वास आला. इंजिन ओरडत होतं, पण चाकांपर्यंत ते पोचत नव्हतं. मी जागा बघून गाडी कडेला घेतली, दांडा पार्किंगला टाकला आणि इंजिन चालूच ठेवलं. चालू असलं की तेल फिरून थंड होतं. यांनी लगेच किल्लीकडे हात नेला.

"पेट्रोल फुकट जळतंय गं."

"हात लावलात तर तुम्हालाच हंसात बसवून ढकलून देईन."

फोनला रेंज नव्हती. मी खाली उतरून चाकांमागे दगड लावले. दगड लावेपर्यंत घाटातली माकडं आली. त्यातलं एक जोडपं सरळ हंसात चढलं आणि मखमलीवर शेजारी शेजारी बसलं. बसण्याची ढब अशी, की आमच्या कित्येक गिऱ्हाइकांना ती जमली नव्हती. हे फेटा काढून त्यांना हुसकावत होते, पण माकडांना तो आहेर वाटला असावा. एकाने फेटा ओढायला सुरुवात केली.

एवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. झेंडूच्या माळांनी सजवलेली एक चारचाकी आणि तिच्यामागे वऱ्हाडाने भरलेला टेम्पो. चारचाकी थांबली. हळद लागलेला, खांद्यावर शेला घेतलेला, उंच, काळासावळा मुलगा उतरला. मला विचारायची गरजच पडली नाही. इतका न हलणारा चेहरा मी देवळाबाहेर पाहिला नव्हता.

"काय झालं काकू?" त्याने विचारलं. "हा हंस कुठं चाललाय?"

"आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाला," मी म्हणाले.

त्याच क्षणी हे म्हणाले, "लग्नाला."

रोहिदासने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"स्नेहसंमेलनात नाटक आहे," हे म्हणाले. "त्या नाटकात लग्न आहे."

"कोणाचं?"

"माकडांचं," हे म्हणाले. समोर जे दिसत होतं ते यांनी सांगून टाकलं.

रोहिदासने मान हलवली. तेवढ्यात माकडिणीने चादरीची गाठ सोडली. चादर घसरली तशी मी धावत जाऊन हंसाच्या छातीला पाठ लावून उभी राहिले, दोन्ही हात पसरून. नावं लांब होती आणि मी बुटकी. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याने नाक वर करून हवा हुंगली.

"क्लच जळाल्यावानी वास येतोय."

मी त्याला सगळं सांगितलं. तेल तापलंय, जरा थंड होऊ दिलं आणि बटण दाबलेलं ठेवलं तर गाडी नक्की चढेल, दगा द्यायची नाही.

"तुमच्या शेजारी कोण बसणार?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"मंग नाय पोचायचा तुम्ही," तो शांतपणे म्हणाला. "मी बसतो. काकांना आमच्या गाडीत बसू द्या."

टेम्पोतून त्याचे मामा ओरडले, "अरं, हळद लागलेल्या नवरदेवानं वाटंत गाडी बदलायची नसती! लोकं काय म्हणतील?"

"मामा, शाळेची पोरं वाट बघत असतील," रोहिदास म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला. हे विजयी मुद्रेने झेंडूच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले, फेटा सारखा केला आणि वऱ्हाड चहापाण्याला थांबत थांबत पुढे निघून गेलं. माकडांना मखमलीवरून उठवायला मात्र भजी लागली. ती मामांनी टेम्पोतून दिली होती.

तेल निवल्यावर आम्ही निघालो. पिवळा दिवा लागलेला होता आणि रोहिदासचा तळवा बटणावर पहारा देत होता, मधे हात घालणारं कोणी नव्हतं तरी. गाडी हळूहळू, एका चालीने चढत होती. हंस मागे निश्चल. घाटमाथ्यावर आल्यावर तो म्हणाला, "काकू, एक सांगू का?"

"सांग."

"माझ्या नावातली 'हि' ऱ्हस्व हाय. तुम्ही दीर्घ केलीय."

मी ब्रेक दाबला. गाडी उभी केली. कपाळाला हात लावला.

"सगळं वाचलंस?"

"तुमच्या डोक्यावरनं 'वनिता' दिसत होतं आन कोपराखालनं 'रोहीदास'. मधलं बदामाचं चित्र तुम्ही झाकलं होतं तेवढंच."

मी त्याला सगळं सांगून टाकलं. ती दुकानात काय म्हणाली, तिने कशी शपथ घातली, 'बरं हाय'वर दिवस काढायची तिची तयारी, सगळं. तो म्हणाला, "मला लय वाटतं काकू. पण आतनं निघतं आन गळ्यापाशी थांबतं. तोंडापर्यंत येत नाय. तिला वाटत असंल मी धोंडा हाय."

"मग आता काय करायचं?"

"मला शिकवा."

"काय?"

"चकित व्हायचं."

आणि मग, लोकहो, उतार सुरू झाला आणि करंजाळी मागे पडेपर्यंत मी जीप चालवता चालवता एका नवरदेवाला चकित व्हायला शिकवत होते. तो आरसा स्वतःकडे फिरवून सराव करत होता. मला मागचं काही दिसत नव्हतं, पण मागे हंस होता आणि तो कुठे जाणार नव्हता.

"हे कसं?"

"दाढ दुखल्यासारखं."

"आन हे?"

"पोलिसाने हात दाखवल्यासारखं. अरे, आनंद आण त्यात. भुवया वर. तोंड उघड. एवढं नको, माशी जाईल."

"'अरे वा' म्हणू का?"

"म्हण."

"अरे वा." अंत्ययात्रेत कोणी रस्ता विचारल्यावर सांगावं तसं ते आलं.

"जोरात!"

"अरे वा!" तो ओरडला. रस्त्याने चाललेली एक म्हातारी मोळी टाकून बाजूला झाली. पण सुधारणा होत होती. पाड्याचं वळण येईपर्यंत त्याच्या भुवया बऱ्यापैकी वर जायला लागल्या होत्या. वळणाच्या अलीकडे मी त्याला उतरवलं. त्याची गाडी परत येऊन त्याला घेऊन जाईल, मग तो काहीच माहीत नसल्यासारखा येईल, असं ठरलं. मी चादर पुन्हा घट्ट बांधली आणि हंस मागच्या वाटेने वनिताच्या घरामागे लावायला निघाले.

पण पुढून संबळ आणि बँड दोन्ही ऐकू यायला लागले. नवरदेव तर माझ्यामागे करवंदीच्या जाळीत उभा, मग हे कोणासाठी वाजतंय?

मंडपाच्या तोंडाशी पाटावर आमचे हे उभे होते. कपाळाला मळवट, गळ्यात हार, पाय धुतलेले. झेंडूची गाडी येताना दिसली तसा वाजंत्र्यांनी सूर धरला होता, आणि पुढच्या सीटवरून जरीचा फेटा उतरला तशा बायकांनी आरत्या उचलल्या होत्या. वनिताचे वडील मंडपाच्या दुसऱ्या टोकाला आचाऱ्याशी बोलत होते. ते धावत येईपर्यंत वनिताच्या मावशीने यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. एक आजीबाई मात्र निरखून बघत म्हणाल्या, "पोरगा नाशिकच्या बाजूचा म्हणत होते, पन लय पिकल्यावानी वाटतो."

"अहो, तुम्ही सांगायचं ना!" मी नंतर यांना म्हणाले.

"काय सांगणार? पाय धुवत होत्या गं. गरम पाण्याने. तू कधी धुतलेस?"

मागे राहिलेला टेम्पो पोचला, तसा मामांनी उतरून आरडाओरडा केला, खरा नवरदेव आणला, पुन्हा एकदा पाय धुतले, आणि गोरज मुहूर्ताच्या आधी एन्ट्रीची वेळ झाली. वनिता हंसात बसली. हिरवा शालू, डोईला मुंडावळ्या. बसता बसता तिने मला विचारलं, "त्यांना कळलं तर नाय ना?"

"तुला काय वाटतं?" मी म्हणाले. खोटं बोलायचा माझा त्या दिवसाचा साठा आश्रमशाळेतच संपला होता.

ह्यांनी धुराचं मशीन सुरू केलं. हंस घरामागून निघून खाचरात उतरला. मावळतीचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. बँडवाले वाजवायचे थांबले, कारण तेही बघत राहिले.

मी फक्त रोहिदासकडे बघत होते. मनात म्हणत होते, भुवया, भुवया. पण भुवया वर गेल्या नाहीत. 'अरे वा' आलं नाही. एवढा सराव केलेलं काहीच आलं नाही. तो स्टेजवर तसाच उभा होता. मग त्याने पायातल्या मोजड्या काढून बाजूला ठेवल्या, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि खाली मान घालून शेल्याने डोळे पुसले. एकदा पुसले, वर बघितलं, पुन्हा पुसले.

वनिताने ते पाहिलं आणि तिचंच तोंड उघडं राहिलं. चकित झाली ती.

आणि तेवढ्यात हंस थांबला. खाचराचा बांध आडवा आला होता. पुढचं चाक रुतलं, मोटर घूं घूं करायला लागली. ह्यांनी बटणं दाबून पाहिली. त्याने फक्त धूर वाढला. व्हिडिओवाला ओरडला, "ताई, हसत राहा, हसत राहा!"

रोहिदास स्टेजवरून उडी मारून अनवाणी पळत आला आणि हंसाच्या मागे जाऊन त्याने शेपटाला खांदा लावला. धुरात तो दिसेनासा झाला. नुसता खोकण्याचा आवाज येत होता. मामा धावले, टेम्पोतलं वऱ्हाड धावलं, बँडवाल्यांनी ताशे खाली ठेवून हात लावले. वनिता मखमलीवर गुडघे टेकून मागे वळली आणि धुरात वाकून त्याला शोधायला लागली.

"अहो, थांबा, मी उतरते. ओझं कमी होईल."

धुरातून त्याचं डोकं वर आलं. मुंडावळ्या कानावर लोंबत होत्या, हळद घामाने गळ्यापर्यंत उतरली होती, आणि त्याचं तोंड इतकं रुंद हसत होतं की मी ते सबंध घाटात शिकवू शकले नसते.

"उतरू नको," तो म्हणाला. "लय भारी दिसतीस. बस तू."